जाळी जोडलेली हवी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भास्कर भोईरपुढे चुकूनही घावन ठेवू नका. तो खात नाही. दोन बोटांत धरतो, ट्यूबलाइटसमोर नेतो, एक डोळा मिटतो आणि बघत बसतो. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा मला वाटलं, केस सापडला! माझा जीव खाली-वर. शेवटी म्हणाला, "वहिनी, भोकं भरपूर आहेत हो. पण जोडलेली नाहीत!"

अरे, घावन आहे ते, गटारलाइन आहे का?

भास्कर डॉक्टर आहे, पण औषधं देणारा नव्हे. रोज ठाकुर्लीहून ठाण्याला जातो आणि तिथल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत हाडासाठी मांडव बांधतो. वेलाला घालतो तसाच. चिनीमातीच्या जातीची भुकटी, उजेड पडला की घट्ट होणारा चीक, दोन्ही कालवायचं आणि त्यावर प्रकाशाने नक्षी काढायची. थरावर थर चढले की भट्टीत टाकायचं. चीक जळून जातो आणि बत्ताशासारखा सच्छिद्र तुकडा उरतो. हाड गेलेल्या जागी तो बसवला की शरीराचं हाड त्याच्या भोकांत शिरून वाढतं म्हणे. "पण भोकं एकमेकांत उघडली पाहिजेत, वहिनी! खोल्या बांधल्या आणि दारंच ठेवली नाहीत, तर रक्त आत जाणार कुठून?"

हे तो मला मी कुकर लावत असताना सांगतो. माझ्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

भट्टीत तुकडा आकसतो, म्हणून तो आधी मोठा करावा लागतो. इथपर्यंत ठीक. पण भास्कर जगातली प्रत्येक वस्तू आकसणार असं धरून चालतो. शर्ट दोन मापं मोठा घेतो. "आकसणार, धरून चाला," हे त्याचं पालुपद. सोसायटीच्या गणपतीला मखराचं माप ह्यानेच दिलं, आणि मखर हॉलच्या दारातून आत जाईना. बाप्पा जिन्याखाली बसले आणि आरतीला आम्ही पायऱ्यांवर.

घरात तो आणि त्याच्या आई, माई. मूळच्या कोपरीच्या. माई वर चकली खायच्या ते खाली आम्हाला ऐकू यायचं, असे दणकट दात. मग जबड्यात गाठ झाली, डाव्या बाजूचं हाड काढावं लागलं, आणि तेव्हापासून पेज, खिमट, वरणाचं पाणी. भास्करचं एकच स्वप्न, त्या जागी आपला तुकडा बसवायचा. पण तुकडे भट्टीतच तडकतात. तडकले की तो घरी जाताना आमच्याकडे थांबतो आणि आमच्या डब्यातला ढोकळा उजेडात धरतो.

यंदा दिवाळीत आमच्या सेक्रेटरी सावंतबाईंनी अनारशांची स्पर्धा ठेवली. परीक्षक कोण? भास्कर. कारण त्याला बायको नाही, म्हणजे पक्षपात नाही.

माझं काय झालं सांगू? अनारसा तुपात विरघळून पसरला की आम्ही म्हणतो हसला. माझे नुसते हसले नव्हते, खदाखदा हसले होते. ताटात चुरा. "भाग घेणं महत्त्वाचं," असं म्हणून आमच्या ह्यांनी मला ढकललं.

भास्कर आला तो ड्रॉपर घेऊन. प्रत्येक अनारशावर दुधाचे थेंब टाकू लागला. सावंतबाईंचा खसखस लावलेला, गुलाबी, देखणा अनारसा, त्याच्यावर थेंब मोत्यासारखा बसून राहिला. "बंद," भास्कर म्हणाला. पुढचा? "हाही बंद." माझ्या चुऱ्यावर टाकला आणि दूध गडप! खालून ताटात उतरलं. भास्कर जागच्या जागी उडाला. "जोडलेली! वहिनी, सगळी जोडलेली!"

पहिलं बक्षीस मला. सावंतबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

टाळ्या संपायच्या आत ह्या पठ्ठ्याने माझं ताट त्या ढगळ शर्टाखाली घातलं आणि जिना चढला. ताट माझं होतं, म्हणून मी मागोमाग गेले.

दार उघडंच होतं. माई खुर्चीत, गळ्याशी नॅपकिन. भास्कर चुऱ्यावर दूध सोडत होता आणि चमच्याने भरवत होता. माईंनी जिभेने घास टाळूला दाबला, डोळे मिटले आणि हळूच गिळला.

"गोर हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलीत गोड म्हणजे गोर.

"सगळ्यांकडे तेच बघत फिरतो हो," भास्कर माझ्याकडे न बघता म्हणाला. "दूध पार आतपर्यंत गेलं तर तिला चावावं लागत नाही. माझा तुकडा माणसांपर्यंत पोचायला अजून खूप वर्षं आहेत, वहिनी. आणि आई..." माईंचा ब्लाउज खांद्यावरून घसरला होता, तो त्याने वर केला. "आई आकसत चाललीय. हे मी धरून चाललो नव्हतो."

मी म्हटलं, "दर रविवारी देईन. हसलेलेच."

"मुद्दाम हसवता येतात?" त्याने विचारलं.

"माझे आपोआप हसतात रे."

गेल्या रविवारी कढईत पहिला अनारसा सोडला, आणि तो हसलाच नाही. दुसराही नाही. गोल, गुलाबी, जाळीदार. आयुष्यात पहिल्यांदा माझे अनारसे जमले, आणि मी गॅससमोर उभी राहून रडले. मग उरलेल्या पिठात गुळाचा भलाथोरला खडा कुस्करला आणि एकेक करून सगळे हसवले. वर माई वाट बघत होत्या.