सायाळीने वाचवलेले काटे

एका जंगलात एक सायाळ राहत होती. हो, जंगलातच. मॉलच्या मागच्या झाडीत नव्हे. आणि ही चुळबूळ बंद करा बघू. ज्याला पाणी प्यायचं असेल त्यानं आत्ताच पिऊन यावं, मध्ये उठायचं नाही.

तर तिचं नाव यमुना. तिच्या नवऱ्याला सगळे आप्पा म्हणत. त्यांना दोन पिल्लं होती. पिल्लांच्या अंगावरचे काटे अजून मऊ होते, हात फिरवला तर गुदगुल्या झाल्या असत्या. मोठ्या सायाळीचे काटे मात्र वेगळे. लांब, काळेपांढरे आणि इतके टोकदार की वाघसुद्धा आधी विचार करतो आणि मग दुसरीकडे जेवायला जातो.

त्यांच्या बिळासमोरच्या टेकडीवर एक बिबट्या राहायचा. यमुना रोज संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी यायची, टेकडीकडे पाठ करायची आणि शेपटी हलवायची. सायाळींची ही रीतच आहे. शेपटीचे काटे पोकळ असतात, ते एकमेकांवर आपटले की खुळखुळ वाजतात. बिबट्याला तो आवाज बरोबर समजायचा. तो मुकाट्याने दुसरी वाट धरायचा आणि पिल्लं निवांत झोपायची.

खाण्यापिण्याची ददात नव्हती. बिळाबाहेर उकरलं की कंद. चार पावलं पुढे गेलं की आणखी कंद.

मग त्या जंगलात तरस आला.

तरसाचं तोंड जन्मतःच हसरं असतं. दुकानदाराला आणखी काय भांडवल लागतं? त्यानं टेकडीखालच्या गुहेत भलंमोठं दुकान थाटलं. आत गारेगार. दाराशी टोपल्यांची चळत. ज्यानं त्यानं टोपली घ्यायची, हवं ते स्वतःच्या हातानं उचलायचं आणि बाहेर पडताना मोल द्यायचं. उचलताना कुणी अडवत नाही म्हटल्यावर सगळेच उचलायला लागले.

त्या जंगलात पैसा नव्हता. ज्याच्या अंगावर जे उगवतं ते तो द्यायचा. मोर पिसं द्यायचा, ससा केस द्यायचा, सायाळ काटे द्यायची. काय म्हणालास? तरस त्या काट्यांचं काय करायचा? शाब्बास. हा प्रश्न तुला पडला. त्या जंगलात तो कुणालाच पडला नाही, कारण सगळे दुकानाच्या फळ्यावरची सूट वाचण्यात गुंग होते.

यमुना पहिल्यांदा दुकानात गेली ती फक्त एका सांबरशिंगासाठी. पिल्लांचे दात शिवशिवत होते, त्यांना कुरतडायला काहीतरी हवं होतं. शिंगं रानातही पडलेली असतात, पण ती शोधावी लागतात. इथं ती ओळीनं मांडलेली होती. वर पाटी होती : दहा काटे. दहावर काट मारलेली आणि खाली ठसठशीत अक्षरात : आज फक्त पाच!

"पाच काटे वाचले तुमचे, वहिनी," तरस हसून म्हणाला. "आणखी वाचवायचेत का?"

आता मला सांगा, नको कोण म्हणेल? एवढं चांगलं कुणी तुम्हाला घरी तरी विचारतं का? यमुना टोपली भरून घरी आली. पाठीवरचे वीसेक काटे कमी झाले होते, पण तिचा चेहरा असा फुलला होता की आप्पाला ते दिसलंच नाही. त्याला टोपली दिसली.

"अगं, हे कंद कशाला आणलेस? दारात कंद आहेत."

"त्यांच्यावर सूट किती आहे?"

"सूट कसली? ते फुकट आहेत."

"म्हणजे सूट नाहीच ना? यांच्यावर निम्मी आहे. दारातले खाल्ले तर वाचतं काय? काही नाही. हे खाल्ले की निम्मे काटे वाचतात."

आप्पा बराच वेळ विचार करत बसला. यात कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते त्याला सापडेना. संसारात असं होतं, तुम्हाला पुढे कळेल.

"आणि ह्या बाटल्या कसल्या?" त्यानं विचारलं.

"कासवाच्या पाठीला लावायचं तेल. पाठ अशी चकाकते म्हणे!"

"आपल्याकडे कासव कुठे आहे?"

"दोनावर एक फुकट होती," यमुना म्हणाली. "कासव काय, होईल कधीतरी ओळखीचं."

त्या दिवसापासून यमुनाला बचतीचा नाद लागला. तरसाने 'आपुलकी योजना' काढली होती. पळसाच्या पानाचं कार्ड मिळायचं. जेवढे काटे द्याल तेवढे पॉइंट. पॉइंट साठले की वस्तूवर सूट. पण अमावस्या आली की उरलेले पॉइंट बाद. म्हणून पॉइंट बुडू नयेत यासाठी यमुना अमावस्येच्या आदल्या दिवशी धावत जायची, खरेदी करायची, आणि त्या खरेदीचे आणखी पॉइंट घेऊन यायची. ते पुढच्या अमावस्येला बुडू नयेत याची काळजी मग दुसऱ्या दिवशीपासून सुरू व्हायची. बिचारीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बचत करणं सोपं नसतं.

बीळ भरत चाललं. आधी कोपरे भरले. मग पिल्लांच्या झोपायच्या जागेवर धुतलेल्या कंदांच्या थैल्या आल्या, म्हणून पिल्लं बिळाच्या तोंडाशी झोपायला लागली. मग तिथं आप्पाला पाय पसरता येईनात, म्हणून आप्पा बाहेर करवंदीच्या जाळीखाली झोपायला लागला. त्याची फारशी तक्रार नव्हती. बाहेर हवा चांगली होती आणि कासवाच्या तेलाचा वास येत नव्हता. दुकानात तो एकदाही गेला नव्हता. त्याला गर्दीचा कंटाळा यायचा. त्यामुळे त्याच्या अंगावरचे सगळे काटे जिथल्या तिथं होते, आणि यमुना त्याला सगळ्यांसमोर उधळ्या म्हणायची, कारण त्यानं आयुष्यात एकही काटा वाचवला नव्हता.

एकदा न राहवून आप्पानं विचारलं, "तू एवढे काटे वाचवलेस, ते ठेवलेस कुठे?"

"ठेवलेस म्हणजे?"

"म्हणजे आहेत कुठे ते?"

"अहो, वाचवलेले काटे काय अंगावर दिसतात होय?" यमुना फणकारली. "तुम्हाला बचत कळायचीच नाही."

ते मात्र खरं होतं. अंगावर ते दिसत नव्हते. तिच्या पाठीवर आता कातडीच जास्त दिसत होती. पण तिची शेपटी शाबूत होती. रोज संध्याकाळी ती टेकडीकडे पाठ करून शेपटी वाजवायची आणि बिबट्या वाट बदलायचा. नुसत्या आवाजावर घर चाललं होतं. पुष्कळ घरं तशी चालतात.

मग तरसाने सोनेरी सभासदत्व काढलं. त्यासाठी पॉइंट पुष्कळ लागायचे. यमुनाला थोडे कमी पडत होते आणि पाठीवर देण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती फळ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. तरस जवळ आला.

"वहिनी, एक खास बाब सांगतो. सगळ्यांना सांगत नाही," तो कुजबुजला. सगळ्यांना तो असंच सांगत होता. "या आठवड्यात शेपटीच्या काट्याला दुप्पट पॉइंट."

यमुना घरी आली आणि तिनं आप्पाला ही आनंदाची बातमी दिली. आप्पा ताडकन उठून बसला.

"अगं, वेड लागलंय का? शेपटी गेली तर वाजवणार काय? तो बिबट्या वर बसलाय, पिल्लं अशी दारात झोपलीत!"

"शनिवारनंतर एकेरीच पॉइंट मिळणार आहेत," यमुना म्हणाली. "मग काय उपयोग?"

असल्या वाक्यांना उत्तर नसतंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात यमुनाचा सत्कार झाला. तिच्या गळ्यात सोनेरी दोरा बांधला गेला. पिसारा नसलेल्या मोरानं टाळ्या वाजवल्या. अर्ध्या अंगानं कुडकुडणाऱ्या सशानं टाळ्या वाजवल्या. त्यांच्याही गळ्यात सोनेरी दोरे होते. सोनेरी सभासदांसाठी वेगळी रांग होती. साध्या रांगेत कुणीच नव्हतं, कारण सगळेच सोनेरी झाले होते. सोनेरी रांग ओढ्यापर्यंत गेली होती. यमुना तिच्यात ताठ मानेनं दुपारभर उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती सवयीनं बिळाच्या तोंडाशी आली. टेकडीकडे पाठ केली. शेपटी हलवली.

आवाज झाला नाही.

वर बिबट्यानं कान टवकारले. त्यानं थोडी वाट पाहिली. आज काहीच वाजत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो उठून आळस देऊन, नेहमीची वाट न बदलता, सरळ खाली आला.

यमुनानं पिल्लांना आत ढकलायला पाहिलं. आत जागा नव्हती. आत कंदांच्या थैल्या होत्या, मुंग्या मारायची पावडर होती, कासवाचं तेल होतं. पिल्लं तिच्या पोटाशी बिलगून थरथरत होती. तिनं घाबरून थैल्या ओढल्या, तर वरून आणखी थैल्या पडल्या. बिबट्या दारात येऊन उभा राहिला. मग ती पिल्लांच्या पुढे झाली. आई होती, दुसरं काय करणार? तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि तोंडून निघालं ते असं :

"मी सोनेरी सभासद आहे!"

"असाल बाई," बिबट्या म्हणाला आणि त्यानं पंजा उचलला.

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून आप्पा आला. सायाळी लढतात त्या उलट्या. तो पाठमोरा धावत आला आणि सगळ्या काट्यांनिशी बिबट्यावर आदळला. बिबट्या असा किंचाळला की ओढ्यापलीकडे माकडं जागी झाली. त्यानं आप्पाच्या पाठीवर दोन फटके मारले, पण त्याच्या पंजात, नाकात, गालात काटे घुसले होते. तो लंगडत, कण्हत टेकडीवर निघून गेला.

आप्पा जागच्या जागी बसला. त्याची पाठ सोलून निघाली होती. निम्म्याहून जास्त काटे उपटून, मोडून दारात विखुरले होते.

यमुना रडली. इथं मी थट्टा करत नाही, मुलांनो. ती मनापासून रडली. पिल्लांना कुशीत घेऊन आणि आप्पाच्या पंजावर डोकं ठेवून ती म्हणाली, "चुकलं माझं. तुम्ही नसता तर आज काय झालं असतं?" तिला खरोखरच सगळं कळलं होतं. उजाडेपर्यंत तरी कळलेलं होतं.

सकाळी आप्पाला ताप भरला. तो कण्हत म्हणाला, "ते पडलेले काटे गोळा कर. बिळाच्या तोंडाशी रोवून टाक. कुंपण होईल. माझे नवे येईपर्यंत पिल्लं सुरक्षित राहतील."

"हो हो," यमुना म्हणाली. तिनं एकूण एक काटा वेचला, धुतला, पुसला. मोडलेलेसुद्धा घेतले. मग आप्पाच्या जखमेला मलम हवं म्हणून ती निघाली. काटे तिच्या टोपलीतच होते.

वाटेत तरसाचं घर लागत होतं. त्याच्या घराभोवती केवढं भक्कम कुंपण! सगळं काळ्यापांढऱ्या काट्यांचं, टोकं बाहेर. आत तरसाची पिल्लं कोवळ्या उन्हात लोळत होती. जंगलात एवढं सुरक्षित घर दुसरं नव्हतं. यमुना क्षणभर थांबून बघत राहिली. किती छान आहे, तिला वाटलं. कुठून आणलं असेल? सूट असेल का त्याच्यावर?

दुपारी ती घरी आली. तिनं हलक्या हातानं आप्पाच्या पाठीला मलम लावलं. मलम चांगलं होतं, त्याला गार वाटलं. मग त्यानं डोळे उघडून दाराकडे पाहिलं.

"कुंपण कुठे आहे?"

"अहो, उद्या अमावस्या ना," यमुना म्हणाली. "पॉइंट बुडाले असते. आणि मोडक्या काट्यांनासुद्धा त्यानं पूर्ण भाव दिला. माणूस फार चांगला आहे हो."

"तो तरस आहे," आप्पा म्हणाला.

"तेच ते."

आप्पाच्या उशाशी मलमाचे दोन डबे होते. एक उघडलेला, एक बंद. त्यानं बंद डब्याकडे पाहिलं.

"हा दुसरा कशाला?"

"एकावर एक फुकट होता," यमुना म्हणाली आणि तिनं तो डबा नीट जपून थैलीखाली ठेवला. "पुढच्या वेळेला लागेल."

समोर टेकडीवर बिबट्या बसला होता. त्याच्या नाकातला शेवटचा काटा नुकताच निघाला होता.

तात्पर्य : संकटं कधी एकटी येत नाहीत, असं मोठी माणसं सांगतात. ऐकून घाबरून जाऊ नका, मुलांनो. मोल फक्त पहिल्याचं द्यावं लागतं. दुसरं त्यावर मोफत असतं.