बनूआत्यानं ठरवलेला मुक्काम

बनूआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी आडवी व्हायची. पाणी नंतर, ख्यालीखुशाली नंतर. डोईवरचा पदर घट्ट ओढून ती बैठकीत उताणी पडायची आणि डोळे मिटायची. घरचे लोक घाबरून वैद्याला बोलावायच्या बेतात असले की उठून निकाल द्यायची, "इथं झोप लागंल." नाहीतर, "न्हाई बाबा. जागा कडू हाय."

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलगी बाहेर यायच्या आधी आत्या त्यांच्या ओसरीत आडवी. उन्हानं बाई गेली असं समजून मुलीच्या आईनं हंबरडा फोडला. एकदा कसल्याशा कामाला मी तिला तहसील कचेरीत नेलं, तर ती तिथंही पडली. मग उठून तहसीलदारांना म्हणाली, "सायेब, कचेरी चांगली हाय, पण झोप लागायची न्हाई."

"अम्मा," तहसीलदार म्हणाले, "यहाँ तो सबको लगती!"

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परतली. पुढं भावांची घरं वेगळी झाली, तशा तिच्याही वाटण्या झाल्या. चार महिने नांदेडला आमच्याकडं, चार महिने देगलूरला, चार महिने निलंग्याला. पाळी संपली की गाडी यायची आणि आत्या गाडीत बसायची.

निजामी अमलातली शेवटची वर्षं ती. मी नांदेडच्या कोर्टात नकलनवीस होतो. माझा मामेभाऊ वसंता हैदराबादला एका नवाबसाहेबांकडं मुन्शी होता. दिवाळीला तो आमच्याकडं आला तो डोकं धरूनच. नवाबसाहेबांना बर्फावर घसरायला गुलमर्गला जायचं होतं, आणि मुक्कामाची जागा वसंतानं ठरवायची होती.

"घसरायला?" आत्यानं विचारलं. "मुद्दाम?"

"हाव. पायाला लाकडाच्या फळ्या बांधायच्या आन् डोंगरावरून खाली यायचं."

"मग?"

"मग पुन्हा वर चढायचं."

"आन् पुन्हा घसरायचं?" आत्यानं सुपातल्या तांदळावरचा हात थांबवला. "नवाबसायबाला घरात कुणी काही म्हणत न्हाई?"

पण जागेचा विषय निघाला, आणि जागा म्हणजे आत्याचा प्रांत. वसंतापुढं तीन जागा होत्या. श्रीनगरच्या पाण्यावर तरंगणारी नाव, डोंगराच्या पायथ्याचं मोठं हॉटेल, आणि वर ऐन बर्फात एक लाकडी बंगली. आत्या म्हणाली, "पडून बघितल्याबिगर कसं सांगू?"

आता गुलमर्ग काही नांदेडात नव्हतं. आत्याला त्याची अडचण वाटली नाही. दुसऱ्या दिवशी ती गोदावरीच्या घाटावर नावेत जाऊन पडली आणि नावाड्याला म्हणाली, "हालीव." तो हलवत राहिला. आत्या तोंडाला पदर लावून परतली. "नाव बाद. माणूस पोटातूनच घसरून राहिलं की! डोंगर कशाला पाहिजे?"

हॉटेल म्हणून तिनं स्टेशनावरची फर्स्टक्लासची वेटिंगरूम धरली. वेताच्या लांब खुर्चीत ती पडली आणि स्टेशनमास्तर तिकीट मागू लागले. "निजायला कसलं तिकीट?" आत्या म्हणाली. "मी कुठं जाऊन राहिले?" मी हात जोडून तिला बाहेर आणली. हॉटेलही बाद. लई मोठी जागा, हाक मारली तर कुणाला ऐकू जायची नाही.

राहिली लाकडी बंगली. आत्या आमच्या माळ्यावर चढली आणि ज्वारीच्या पोत्यांमध्ये पडून राहिली. शिंकत शिंकत खाली उतरली ती निकाल घेऊनच.

"हीच घे. घसरायचं म्हणजे पडायचं आलंच. पडलेल्या माणसाला घर जवळ पाहिजे."

वसंतानं तीच घेतली. नवाबसाहेब पहिल्याच दिवशी पडले, पाय मुरगळला, आणि नोकरांनी त्यांना उचलून चार पावलांवरच्या बंगलीत नेलं. उरलेला मुक्काम त्यांनी शेगडीपाशी बसून, दुसरे लोक पडताना बघून हसण्यात घालवला. इतकी मजा त्यांना कधी आली नव्हती म्हणे.

शिवरात्रीच्या सुमारास वसंता पुन्हा आला. सोबत आत्यासाठी लोकरीची काश्मिरी शाल. नांदेडच्या उन्हात ती नुसती बघून आम्हाला घाम फुटला.

"आत्या, नवाबसाहेब म्हणतात, पुढच्या खेपेला बाईंनी पण यावं. त्यांच्या बंगलीत एक खोली तुझी. कुठली पाहिजे सांग. पहाडाकडची का देवदारांकडची?"

आम्ही हसायला तयार होतो. आत्या आता काहीतरी बोलणार, कुठंतरी आडवी होणार. पण ती शालीच्या दशा बोटांना गुंडाळत बसली.

"मला कुठंबी चालंल," ती म्हणाली. "दाराजवळ टाका."

"असं न्हाई. तुला कुठं आवडंल?"

"ते मला येत न्हाई रे," आत्या म्हणाली. "मला कुणी इचारलं न्हाई कधी."

आई चुलीपुढून उठून आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात देगलूरच्या काकांची गाडी आली. आत्या चपला घालत होती. आई दारात आडवी उभी राहिली आणि गाडीवानाला म्हणाली, "भाकरी खा आणि माघारी जा. वन्सं येत नाहीत."

"अगं, असं कसं?" आत्या गडबडली. "धाकट्याला वाईट वाटंल."

"वाटू द्या. वन्सं, तुम्हाला कुठं राहायचंय?"

आत्यानं गाडीकडं बघितलं, मग वडिलांकडं. वडील खाली मान घालून उभे होते. चपला तशाच पायात ठेवून ती भिंतीला टेकली. आईला हळूच म्हणाली, "इथं राहिले तर तुला अडचण न्हाई ना व्हायची?"

आईनं मानेनंच नाही म्हटलं.

गाडी रिकामी गेली. गुलमर्गला आत्या कधीच गेली नाही. पुढं मुलूख पेटला, नवाबसाहेबांचं घसरणंही संपलं. पण गाडी परत गेली त्याच दिवशी दुपारी तिनं मला माजघरात बोलावलं. हातात हातोडा आणि एक लाकडी खुंटी होती.

"भिंतीत ठोकून दे," ती म्हणाली. "जरा खाली ठोक. माझा हात पोचला पाहिजे."

मी खुंटी ठोकली. आत्यानं ती दोनदा ओढून बघितली. मग जायला बांधलेलं बोचकं सोडून त्यातली दोन लुगडी तिनं त्या खुंटीवर एकावर एक नीट टाकली.