पावणेदोन तासांचा उपास

आमच्या गल्लीतलं कोणीही प्रवासाला निघालं, की शेजारचे मनोहरकाका जेवत नाहीत. तो माणूस मुक्कामी पोचल्याचा फोन आला, की मगच त्यांचं ताट वाढायचं. असं का, ते विचारू नका. काकूंनी विचारून पाहिलंय. "पोरगं रस्त्यात अन् मी वरणभात हाणू काय?" एवढंच उत्तर.

रेल्वेच्या जमान्यात हे फार जड जायचं. कोणी बंगळूरला निघालं, की काका रात्रभर उपाशी आणि काकू रात्रभर तणतणत. म्हणूनच आमच्या प्रतापनगरात विमानाचा काकांइतका कट्टर समर्थक सापडायचा नाही. स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत, पण कुठल्याही शहराचं नाव घ्या, वेळ तोंडपाठ. "बंगलोर? हजार किलोमीटरच्या वर हाये गा. पन पोटाले पावणेदोन तास!" तिकीट महाग आहे म्हटलं, की दुखावतात. "तुमचे पैसे वाचतेत, अन् माह्यं जेवन जाते."

गेल्या महिन्यात माझी मुलगी मुग्धा नोकरीसाठी पहिल्यांदाच एकटी बंगळूरला गेली. सकाळचं विमान. काकांनी हिशेब मांडला. उडायचे पावणेदोन, बॅग यायला अर्धा, तिथल्या ट्रॅफिकला दोन. "एक वाजता जेवतो," असं त्यांनी काकूंना जाहीर केलं.

विमान वेळेवर उतरल्याचं मोबाइलवर दिसलं. मुग्धाचा फोन मात्र लागेना. एक वाजला, दोन वाजले. बायको देवापुढे जाऊन बसली, काका आमच्या पायरीवर. काकूंनी कुंपणावरून हाक मारली, "अहो, शुगरची गोळी घ्याची हाये, दोन घास खाऊन घ्या!" काका ढिम्म.

माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, "काका, जेवा आता. नाहीतर पुढच्या वेळी मुग्धा तुम्हाला न सांगताच जाईल."

ते म्हणाले, "आमच्या सुधीरनं तेच केलं गा. दिल्लीत नोकरी, कंपनीच्या कामानं सारखा विमानात. बाबा उपाशी राह्यते म्हणून त्यानं सांगनंच बंद केलं. आता मी दोन्ही टाइम पोटभर जेवतो. पन रोज पहिल्या घासाले वाटते, पोरगं आत्ता हवेत तर नसन?"

तेवढ्यात फोन वाजला. मुग्धाच! चार्जिंग संपलं होतं, बाकी काही नाही. आमचा जीव भांड्यात पडला. बायको रडता रडता हसायला लागली, आणि काकांनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"खोलीत पोचली काय वं? आतून कडी नीट लागते? पानी भेटते? मंग जातो मी जेवाले."

"अजून जेवला नाहीत? सॉरी काका!" मुग्धाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दिवाळीला विमानानं येणार आहे मी. निघताना तुम्हाला सांगू, की नको?"

काकांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"सांगत जा वं माय," ते म्हणाले. "एका जेवनानं काई होत नाही मले."