रांगोळीतली आंघोळ

सुभेदार तात्यांच्या अंगणात मी एकदा भर दुपारी, साडीवर, थेंबभर पाण्याशिवाय आंघोळ केलेली आहे. हसू नका! आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी केलेली आहे.

आता आमची बदली सांगलीला झाली. इथले शेजारी भले आहेत, पण लिफ्टमध्ये मान हलवतात आणि दार लावून घेतात. मग मला साताऱ्याचं ते अंगण आठवतं आणि फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तात्या मूळचे पाटणकडचे. फौजेतून येऊन कैक वर्षं झाली, तरी बोलणं हुकूम सोडल्यासारखंच. "रेकी झाल्याबिगर हल्ला न्हाई," हे त्यांचं पालुपद. रेकी म्हणजे आधी जाऊन पाहणी. भाजी आणायची तरी मंडईत पहिली फेरी रिकाम्या हाताने, दुसरी पिशवी घेऊन.

त्या पावसाळ्यात त्यांच्या बायको, अक्का, न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पाटावर बसणं कायमचं संपलं. एक बाई यायची आणि ओल्या फडक्याने अंग पुसून जायची. "डोक्यावरनं घळाघळा पाणी घेतल्याबिगर माणसात आल्यावानी वाटत न्हाई गं," अक्का म्हणायच्या आणि डोळे टिपायच्या. दिवाळीला तरी धड आंघोळ व्हावी, एवढाच त्यांचा ध्यास.

तात्यांनी ठरवलं, दिवाळीच्या आत न्हाणीच्या कोपऱ्यात शॉवर बसवायचा, खाली खुर्ची ठेवायची. न्हाणी केवढी? बादली आत गेली की माणसाने दारात थांबावं, एवढी. मग काय, रेकी सुरू! तात्यांनी अंगणात रांगोळीने अख्खी न्हाणी खऱ्या मापाची काढली. कोपऱ्यात शॉवर, बाजूला नळ, इकडे दार. आणि येईल त्याला आत उभं करायचं. "हं, साबण लावा. पाठीला लावा की! कोपार भिताडाला लागतंय का बगा." पोस्टमन सुटला नाही, दूधवाला सुटला नाही. मला म्हणाले, "ताई, तुमी जरा अंगानं भरलेल्या हाय. तुमची टेस्ट चांगली हुईल."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं. पण व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या अक्का कितीतरी दिवसांनी पोट धरून हसत होत्या. मी मुकाट्याने रांगोळीत उभी राहिले आणि नसलेला साबण लावला.

शॉवर निवडायला तात्यांनी मलाच सोबत नेलं. दुकानदाराने काचेच्या दाराचा चकचकीत नमुना दाखवला. "काका, कोपऱ्यात एका माणसाला भरपूर होतो बघा."

"एकाचं नगं. दोगांचं दावा."

दुकानदार माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. "अहो, मी शेजारीण आहे!" मी ओरडले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आणखी शोभा.

काच तात्यांनी नाकारली. दार आत उघडलं तर खुर्ची कुठून जायची? त्याऐवजी पडदा. गवंडी म्हणाला, पाणी अडवायला छोटा उंबरा घालू. "उंबरा नगं. तिचा पाय उचलत न्हाई."

"मग पाणी भाईर येईल की, तात्या."

"येऊ दे. पुसायला मी हाय."

दोघांच्या शॉवरवरून कॉलनीत थट्टा झालीच. तात्यांचे कान लाल व्हायचे, पण माप दोघांचंच राहिलं. दुसरं माणूस म्हणजे ती कामाची बाई, असं मी आपलं धरून चालले होते.

पाडव्याला सकाळी चकल्या घेऊन गेले, तर आतून तात्यांचा हुकूम ऐकू आला, "डोळं मीट! मान खाली!" आणि अक्कांचा आवाज, "आवं, किती त्याल वततायसा!"

थोड्या वेळाने तात्यांनी अक्कांना शाल गुंडाळून बाहेर आणून बसवलं. स्वतः गुडघ्यापर्यंत भिजलेले. मी बघतच राहिले, तसे म्हणाले, "बाई लावून धुवायला ही काय भांडं हाय व्हय?" मग म्हणाले, "ताई, पाडव्याला बायकू नवऱ्याला त्याल लावून न्हाऊ घालती. माजं पाडवं सगळं तिकडं बर्फात गेलं. हिकडं ही रिकाम्या पाटाला तेलाचं बोट लावायची आन् ओवाळायची. आईनं सांगितलं म्हणून कळलं. ही कवाच काय बोलली न्हाई." फडकं घेऊन ते घाईघाईने न्हाणी पुसायला गेले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी अक्कांचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार! ओठ थरथरत होते.

"अक्का, काय झालं?"

"हळू बोल," अक्का कुजबुजल्या. "ह्ये गिझर चालू करायचाच इसरले. फौजी हात, त्यास्नी गार का ऊन काय कळतंय!"

"अहो, मग सांगायचं नाही का?"

अक्कांनी शाल घट्ट ओढून घेतली आणि न्हाणीकडे बघून हसल्या. "मला इचारलं त्यांनी, पाणी बरं हाय का म्हणून. मी म्हनलं, लय झ्याक हाय, आजून घाला."