बगळ्याने मोजलेले काटे

मुलांनो, एका जंगलात झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या. सावली मात्र झाडांचीच पडायची, म्हणून झाडं अजून तोडली नव्हती.

त्या जंगलात दोन साळिंदर बहिणी राहत, थोरली साळू आणि धाकटी साळू. दोघींचं दुखणं एकच होतं आणि ते वरून दिसत नव्हतं. कुणी दोन शब्द गोड बोललं की त्या त्याच्यावर जीव ओवाळून टाकत. तोच प्राणी पाणी प्यायला म्हणून जरा बाजूला गेला, की हा आपल्याला सोडून चालला असं त्यांना वाटे आणि अंगावरचे काटे ताठ उभे राहत. मग तो परत आला की त्याला ते काटे खावे लागत. समोर कुणीच नसलं, तर त्या स्वतःचेच काटे उपटत आणि उत्तरेच्या कड्यावर जाऊन बसत. खाली दरी होती.

जंगल म्हणे, "नाटकं आहेत सगळी." तुम्हीही कधी कुणाला असं म्हणाला असाल. पुन्हा म्हणू नका. ती नाटकं नव्हती.

एक दिवस धाकटीचा काटा सिंहमहाराजांच्या पंजात रुतला आणि हे दुखणं राज्याचा प्रश्न झालं.

आता या दुखण्यावर इलाज करणारे जंगलात दोघेच. पहिले डॉक्टर धनेश. चोच मोठी आणि पदवी त्याहून मोठी. दूरच्या पहाडात बारा वर्षं राहून ते फक्त हेच एक दुखणं शिकून आले होते. त्यांच्या उपचाराला चोवीस पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीआधी नव्वद प्रश्नांचा फॉर्म होता आणि तो फॉर्म मिळायला दीड वर्ष थांबावं लागे. तोवर रुग्णाने शांत राहावं अशी अपेक्षा होती.

दुसरी भुरी म्हैस. ती गावाहून एकदा चरायला आली आणि परत जायचं विसरली. सगळे तिला भुरीमावशी म्हणत. मोडलेला पाय, फुगलेलं पोट, सासरचा जाच, सगळं घेऊन प्राणी तिच्याकडेच जात. ती रवंथ करत ऐकून घेई आणि सुचेल ते सांगे.

"या दोघांत चांगलं कोण?" महाराजांनी पंजा चाटत विचारलं.

लगेच मोजणी समिती बसली. अध्यक्ष झाला बगळा. तो एका पायावर उभा राहून विचार करतो, म्हणून त्याला निःपक्षपाती समजत. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. थोरली धनेशांकडे, दर गुरुवारी उंबराखाली. धाकटी मावशीकडे, दर मंगळवारी जांभळाखाली. मुदत एक वर्ष. मोजायचं काय, यावर सात बैठका झाल्या. शेवटी आठवड्याला पडलेले काटे मोजायचं ठरलं, कारण तेवढेच मोजता येत होते.

धनेश मन लावून शिकवत. खोटं कशाला बोलू, पक्षी मनाचा चांगला होता. "राग काट्यात उतरण्याआधी पोटात येतो," ते सांगत. "तिथेच त्याला ओळखायचं." थोरली हळूहळू ओळखायला शिकली.

मावशीकडे पहिल्याच मंगळवारी धाकटीने सात काटे मारले.

"लागलं ना?" धाकटीने विचारलं.

"लागलं तर. मी काय दगड आहे?"

"मग आता तू येणार नाहीस."

"पुढच्या मंगळवारी येईन. तूही ये. आणि मधले सहा दिवस नुसती बसून राहू नकोस गं. कंद उकरतेस ना छान? लंगड्यापांगळ्यांना नेऊन देत जा."

वर्ष सरलं. बगळ्याने आकडे वाचले. थोरलीचे काटे आठवड्याला साठावरून चारावर आले होते. धाकटीचेही साठावरून चारावर.

धनेशांचं तोंड उतरलं. "मग माझी बारा वर्षं?"

"वाया कशी जातील, डॉक्टर?" मावशी म्हणाली. "थोरली हसायला लागली की. मलाही त्यातल्या चार गोष्टी शिकवा."

बगळ्याने पाय बदलला. "मोजणी संपली. उद्यापासून दोन्हीकडच्या भेटी बंद. चालू ठेवल्या तर आकडे बिघडतील."

"पण निरोप कसा घ्यायचा, ही माझी चोविसावी पायरी आहे," धनेश म्हणाले. "आम्ही अजून बाविसाव्यावर आहोत."

"आमच्याकडे तारीख असते. पायऱ्या नसतात," बगळा म्हणाला.

मुलांनो, नीट ऐका. कुणी सोडून जाईल याचीच ज्यांना भीती, त्यांना सोडून जायचा लेखी हुकूम निघाला. तोही त्या बऱ्या होताहेत हे सिद्ध झालं म्हणून. मला आजही हे सांगताना राग येतो.

हुकूम पळसाच्या दोन पानांवर लिहिले होते. धनेश शिकलेले. त्यांनी आपला हुकूम दोनदा वाचला, सही केली आणि गुरुवारी घरी बसले. मावशीने आपलं पान हुंगलं. कोवळं होतं. तिने ते खाल्लं आणि मंगळवारी नेहमीसारखी जांभळाखाली जाऊन बसली. धाकटी आली, बोलली, घरी गेली.

गुरुवारी थोरली उंबराखाली दुपारपर्यंत थांबली. मग तिने पहिला काटा उपटला.

धाकटी कंद घेऊन आली तेव्हा उंबराखाली काट्यांचा ढीग होता आणि तिथून थेंब थेंब रक्त उत्तरेकडे गेलं होतं. ती धावत मावशीकडे गेली. "मावशी, आज मंगळवार नाही, पण..."

"चल," मावशी उठलीसुद्धा.

थोरली कड्याच्या अगदी काठावर होती. मावशी थोडी अलीकडे बसली. "मी तुझी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही. नुसती बसते."

तेवढ्यात पंख फडफडले. धनेशांना घरी बसवेना, म्हणून ते उंबराकडे गेले होते आणि रक्ताच्या मागावर इथवर आले होते. ते उतरताच थोरलीने उरलेसुरले काटे त्यांच्यावर झाडले.

"तुम्ही गेलात," ती म्हणाली.

"गेलो. हुकूम होता आणि मी तो पाळला. चुकलो."

"आता शपथ घ्याल, येईन म्हणून."

"शपथ नको. पुढच्या गुरुवारी उंबराखाली येऊन बघ."

 थोरली काठापासून दोन पावलं मागे सरली. धाकटीने तिच्यापुढे कंद ठेवला आणि तिने तो खाल्ला.

मागून बगळा आला आणि काटे मोजून गेला. दुसऱ्या दिवशी अहवाल निघाला. भेटी बंद झाल्यावर धनेशांची रुग्ण ढासळली, मावशीची ढासळली नाही. म्हणून मावशीची रीतच श्रेष्ठ. तिला 'जांभूळतळ रवंथ पद्धती' असं नाव मिळालं. तिच्या अठरा पायऱ्या ठरल्या. ती शिकायला पहाडात दोन वर्षं जाणं सक्तीचं झालं आणि प्रमाणपत्र नसलेल्यांना मंगळवारी जांभळाखाली बसायला बंदी झाली.

भुरीमावशीकडे प्रमाणपत्र नव्हतं. बंदीचा पहिला हुकूम तिच्याच नावाने निघाला. तो लिहायचं काम डॉक्टर धनेशांकडे आलं, कारण अक्षर त्यांचं चांगलं. त्यांनी अर्धा दिवस हिंडून जंगलातलं सगळ्यात कोवळं पान शोधून आणलं.

तात्पर्य: इलाज तज्ज्ञाचा बरा की साध्या वैद्याचा, हा वाद समित्यांना खुशाल घालू द्यावा. हुकूम मात्र नेहमी चावता येईल अशाच पानावर लिहावा.