परबांचं निळं

परबांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की ते त्याचाही रंग सांगत. “पिवळं,” म्हणत. म्हणजे शब्द बरोबर, पण आवाज पडलेला.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं ऑफिस. शाळेची पुस्तकं संगणकावर वाचता येतील अशी आम्ही तयार करतो. फाइल तपासली की पडद्याच्या तळाशी यादी उमटते. लाल खूण म्हणजे चूक. फाइल पुढे जात नाही. पिवळी म्हणजे इशारा. निळी म्हणजे नुसती माहिती. वाचा, नाही तर सोडा. कोणत्या चुकीला कोणता रंग, ते नियम परब लिहीत. वीस वर्षं लिहून लिहून त्यांनी ते जगालाही लावले होते. आल्याशिवाय चहा पिवळा. बंद लिफ्ट लाल. फक्त मासळीबाजारात पंचाईत होई. “मास्तर, कल्ले लाल, तर मासो ताजो! थंय आमचो नियम उलटो.”

मला ते मास्तर म्हणत, कारण मी डब्याबरोबर पुस्तक आणतो. पुढे सगळेच म्हणू लागले.

उतारवयात त्यांना आणखी एक वेड लागलं. सहा वाजून गेले तरी ते सगळ्यांच्या फाइलींतल्या निळ्या ओळी निस्तरत बसत. आमची शिल्पा पर्स खांद्याला अडकवून म्हणायची, “परबकाका, निळ्याने फाइल अडत नाही. घरी जा ना, काकू ओरडतील.”

“निळा काय उगाच येता?” एवढंच उत्तर.

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली, तेव्हा परब घरी आले. तासभर बसले. रंग सांगितला नाही.

मी कामावर परतलो, पण मन थाऱ्यावर नव्हतं. ‘आकृती सात पाहा’ असं लिहायचो आणि त्या धड्यात आकृती सात नसायचीच. ही चूक लाल. दर महिन्याला साहेबांकडे लाल चुकांची यादी जाई. माझा करार एकेका वर्षाचा, आणि मुलगी अजून शिकत होती. साहेबांनी बोलावून सांगितलं, “असंच चाललं तर मार्चनंतर कठीण आहे.”

त्यानंतर माझ्या फाइलींत लाल येईनासं झालं. करार वाढला. मी सावरलो, असं मला वाटलं. थोडा अभिमानही वाटला. निळ्या ओळी असत. त्या मी कधी वाचल्या नाहीत.

गेल्या महिन्यात परबही गेले. नियमांची फाइल माझ्याकडे आली. मी ती सावकाश, पुस्तकासारखी वाचली. ज्याचा उल्लेख आहे ते मूळ, म्हणजे माझ्या आकृती सातसारखं, सापडलं नाही, तर लाल. त्याखाली एकच अपवाद, माझ्या नावाचा: निळं. प्रत्येक नियमापुढे पडद्यावर दिसणारा संदेश लिहायचा असतो. इथे परबांनी लिहिलं होतं:

‘उल्लेख आहे, मूळ नाही. मास्तर, ऱ्हवांदे. मी बघतंय.’

जवळजवळ दोन वर्षं ही ओळ माझ्याच पडद्यावर येत होती.

तो अपवाद मी काढलेला नाही. काल माझ्या फाइलीत एक निळी ओळ आली. दुरुस्तीला एक क्षण पुरला असता. मी तिच्याकडे बघत बसलो.

“मास्तर, निळंच आहे ना?” शिल्पा दाराशी थांबली होती. “चला ना.”

“हो,” मी म्हटलं. “तू हो पुढे.”