सोनूदादांचे लहान ताट

सोनूदादांच्या कुटुंबाबरोबर हॉटेलात जाऊ नये, यावर आमच्या कारापुरात सगळ्यांचे एकमत आहे. पंचायतीत इतके एकमत कधी झाले नाही.

कारण असे, की वेटर टेबलाशी आला की सोनूदादा आधी आपल्या मुलाकडे बोट दाखवीत. "ह्येका पोरग्यांचा ताट हाड. ल्हान आसा तो अजून." वेटर त्या लहानाकडे मान वर करून बघे. कारण दीपेश बारावी पास झालेला, व्हॉलीबॉलच्या नेटवरून आरामात हात जाणारा, आणि मिशीला रोज आरशासमोर प्रोत्साहन देणारा मुलगा. दहावीतल्या शमालाही तेच ताट. दोघांपुढे इवलासा भात, वाटीभर वरण, बटाट्याच्या दोन फोडी यायच्या. आमच्या पानातले मासे बघत ती पोरे मुकाट जेवायची. जेवण म्हणजे काय, चार घासांचा कार्यक्रम.

"मापाभायर भरला की बुडता," हे वर दादांचे, बार्ज नावाच्या मालवाहू बोटीवर शिकलेले तत्त्वज्ञान.

"अवो, तो बार्ज न्हय, झील तुमचो," वहिनी म्हणायच्या. त्याचा उपयोग होत नसे. म्हणून वहिनींच्या पिशवीत कायम उंडे पाव आणि सुकी भाजी असे. बाहेर पडल्यावर पोरे रस्त्याच्या कडेला उभी राहून खरे जेवण जेवत, आणि दादा त्या वेळी दुसरीकडे बघत.

गाव त्यांना चिक्कू म्हणे. मला ते पटत नसे. चिक्कू माणूस आधी हॉटेलात जातच नाही.

दादा मूळचे दोडामार्गाकडचे. खाणीच्या धंद्यापायी इकडे गोव्यात आले आणि बार्जवर खलाशी म्हणून लागून तांडेल झाले. खनिज भरायचे, मांडवीतून मुरगाव बंदराकडे न्यायचे, रिकामे करून परत यायचे. भरती-ओहोटी बघून सुटायचे, त्यामुळे घरी येण्याजाण्याला ना वेळ ना काळ. शेजारच्या घरात मी असल्यामुळे त्यांच्या घरातली संध्याकाळ मला पाठ होती. पोरे विचारायची, "आई, बाबा खय आसत?" वहिनी म्हणायच्या, "वाटेर आसत." मग दादांचे ताट वाढून त्यावर दुसरे ताट पालथे घालून ठेवायच्या. पोरे त्या पालथ्या ताटाकडे बघत झोपून जायची. दादा येत तेव्हा ती झोपलेली असत, आणि परत जात तेव्हाही झोपलेलीच असत.

मग खाणी बंद पडल्या. बार्ज नदीत नांगर टाकून गंजत उभे राहिले आणि दादा कपड्यांची ट्रंक घेऊन घरी आले. घरात बघतात तर एक मिशीवाला आणि एक चष्मेवाली. दादांनी ही गोष्ट मान्यच केली नाही.

शमा दहावीच्या अभ्यासाला बसली की ते तिला रंगीत खडूंची पेटी आणून देत. जत्रेत त्यांनी दीपेशला फुगा घेतला आणि चुकामूक होऊ नये म्हणून त्याचा दोरा त्याच्या मनगटाला बांधला. पोरगा आपल्या मित्रांसमोरून लाल फुगा घेऊन चालत गेला, तेव्हा मला त्याची खरोखर दया आली. जवळच्या साखळी गावच्या बाजारात रस्ता ओलांडताना दादा त्याचा हात घट्ट धरत. दीपेश त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. बघणाऱ्याला वाटे, काय गुणी मुलगा आहे, म्हाताऱ्या बापाला सांभाळून नेतोय.

अशात दीपेशला प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात नोकरी लागली. गावभर पेढे वाटले गेले. पेढे वाटताना दादांचा चेहरा मात्र तेराव्याचे आमंत्रण द्यायला आल्यासारखा होता.

मुलगा जायच्या आधी दादांनी जाहीर केले, "पोरांका पाण्यात खेळूक व्हरूया." किनाऱ्याकडच्या वॉटर पार्कला जायचे ठरले. गाडीत जागा होती म्हणून आम्हालाही घेतले. जन्मभर पाण्याने वीट आणलेला माणूस तिकीट काढून पाणी बघायला निघाला, अशी मी गाडीत थट्टा केली. कोणी हसले नाही.

तिथे लहान मुलांच्या घसरगुंडीपाशी सोंड वर केलेला हत्ती रंगवला होता. जो सोंडेखालून जाईल त्यालाच आत सोडायचे, असा नियम. दादा दीपेशला तिथे घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "मातसो वाक." दीपेश वाकला नाही. तो सरळ पलीकडच्या मोठ्या घसरगुंडीकडे निघून गेला आणि शमाही त्याच्यामागे गेली. दादा पँट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात एकटेच उभे राहिले. परक्यांची पोरे त्यांच्या अंगावर पाणी उडवत होती, आणि ते उडवून घेत होते. ते बघून माझी थट्टा करायची हौस फिटली.

दुपारी जेवणाच्या काउंटरवर व्हायचे तेच झाले. तिथे मुलांसाठी वेगळे ताट होते: बोटभर बर्गर, हसऱ्या चेहऱ्याचे बटाट्याचे वडे, जेलीची वाटी आणि कागदी मुकुट. दादांनी दोन मागितली. काउंटरवरच्या पोऱ्याने दीपेशला आपादमस्तक न्याहाळले. "अंकल, ये छोटे बच्चों के लिए है."

"पैसा बडे का लेव," दादा म्हणाले, "पण थाळी छोटी देव."

मागची रांग खदखदून हसली. दीपेशचा चेहरा लाल झाला, आणि आम्ही ताटे घेऊन टेबलाशी बसलो तरी तसाच राहिला. सकाळपासून पाण्यात होता, भुकेला होता, आणि आज वहिनींचे उंडे, बाहेरचे खाणे चालत नाही म्हणून, पार्कच्या दारावरच काढून घेतले होते.

"बाबा, माका मिशी इली," तो म्हणाला. "फुडल्या म्हयन्यात बोटीर जातंय. थय माका कोण ल्हान म्हणतलो?"

दादांनी मुकुट हातात घेतला. त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"थय कोण म्हणूचो नाय," ते म्हणाले. "म्हणान हय म्हणतंय. तू ल्हान होतस तेव्हा मी पाण्यार होतंय. ल्हान दीपेश मी बघलंयच नाय रे. बघलंय तो निजलेलो."

वहिनी उठून हात धुवायला गेल्या. त्यांचे हात स्वच्छ होते.

दीपेशने तो मुकुट बापाच्या हातातून काढून घेतला, आपल्या ओल्या केसांवर बसवला आणि बर्गर एका घासात संपवला. "आजून एक सांगा," तो म्हणाला. दादांनी सांगितले. त्या दिवशी दीपेशने अशी किती ताटे खाल्ली कोण जाणे, पण खाल्ली ती सगळी लहानच. दादा स्वतः जेवले नाहीत. ते नुसते बघत बसले होते.

पुढच्या महिन्यात दीपेश गेला. चवथीला येतो म्हणाला होता. वहिनींनी त्याच्या आवडीच्या नेवऱ्या केल्या, दादांनी गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी त्याच्याशिवाय बांधायला काढली नाही, शेवटी शमाने आणि मी बांधली. बोटीवरून रजा मिळाली नाही. फोनवर तो म्हणाला की तो कामावरून येतो तेव्हा इकडची माणसे झोपलेली असतात. दादांनी फोन वहिनींकडे दिला आणि ते अंगणात जाऊन बसले.

परवा मी त्यांना डोळे दाखवायला पणजीला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांचे आटोपल्यावर आम्ही बसस्टँडजवळच्या हॉटेलात शिरलो. वेटर आला. मी दोन थाळ्या सांगितल्या.

"आणि एक ल्हान पोरग्यांचा ताट," दादा म्हणाले.

वेटरने टेबलाभोवती नजर फिरवली. आम्ही दोघे म्हातारे, बाकी खुर्च्या रिकाम्या. "भुरगें खंय आसा?" त्याने विचारले.

"वाटेर आसा," दादा म्हणाले.

ते ताट आले. दादांनी ते रिकाम्या खुर्चीसमोर सरकवले, वेटरकडून एक रिकामे ताट मागून घेतले आणि त्यावर पालथे घातले.

"तुमी जेवा," ते मला म्हणाले. "थंड जाता."